इंजिनाचा जोर तोलावा कसा?



बैलबाजारात जोडी घ्यायला गेलेला शेतकरी काय करतो, हे मी तुम्हांला सांगायला नको. तो दात पाहतो, खूर पाहतो, वशिंडावरून हात फिरवतो. पण कनवटीचा पैसा सोडण्याआधी जाणता माणूस जोडी भरल्या गाडीला जुंपून चढावर घालून पाहतो. उभा बैल कितीही देखणा असो, तो ओढीचा आहे की नाही हे जू मानेवर आल्याशिवाय कळत नाही.

आता हाच माणूस जुनी जीप घ्यायला गेला, तर काय होते? विकणारा इंजिन सुरू करतो, पाय दाबून दोनदा गुरगुरवतो आणि म्हणतो, "आवाज ऐका, कसा गोल आहे!" आपणही मान डोलावतो. पण मोकळ्यावर फिरणारे इंजिन म्हणजे दावणीला उभा असलेला बैल. त्याला तेव्हा फक्त स्वतःचेच अंग फिरवायचे असते. त्याच्यावर ओझे टाका, ते ओझे पेलत असताना त्याचे फेरे किती राहतात ते पाहा, मग त्याची खरी परीक्षा होते. ही परीक्षा घेणारे जे साधन आहे त्याला डायनॅमोमीटर म्हणतात. आपण त्याला शक्तिमापक म्हणू. आज त्याच्याविषयीच चार गोष्टी सांगणार आहे.

प्रथम शक्ती म्हणजे काय ते पाहू. नुसता जोर म्हणजे शक्ती नव्हे. पहारीने मोठा धोंडा उचकटता येतो, पण तो किती वेळात उचकटला याला महत्त्व आहे. जोर आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. जेम्स वॉटने आपली वाफेची इंजिने विकताना गिऱ्हाइकाला समजावे म्हणून घोड्याचे माप घेतले. एका मिनिटात ३३,००० फूट-पौंड काम म्हणजे एक घोडा, असे त्याने ठरवले. आपल्या दशमान पद्धतीत एका सेकंदात ७५ किलोचे पोते एक मीटर उचलले की एक अश्वशक्ती झाली. या दोन घोड्यांत किंचित फरक आहे, पण आपल्या कामापुरते तो सोडून द्यायला हरकत नाही.

इंजिन काही पोते उचलत नाही, ते दांडा फिरवते. मग त्याचा जोर तोलायचा कसा? १८२१ साली प्रोनी नावाच्या फ्रेंच अभियंत्याने याला फार साधा तोडगा काढला. फिरत्या दांड्याला त्याने दोन लाकडी ठोकळ्यांचा चिमटा लावला आणि बोल्टांनी आवळला. चिमट्याला एक लांब दांडी जोडली. पळत्या चाकाला तुम्ही फडक्याने धरलेत, तर चाक तुमचा हात आपल्याबरोबर ओढू पाहते, हा अनुभव सर्वांना आहे. तसाच तो चिमटा फिरू पाहतो. पण दांडीच्या टोकाला वजन टांगून त्याला जागच्या जागी थोपवायचे. वजन नेमके तोलले गेले की समजायचे, इंजिन एवढ्या पिळाने दांडा फिरवीत आहे. दांडीची लांबी गुणिले टोकाचे वजन, एवढाच तो हिशेब. पान्याची दांडी लांब असली की नट लवकर सुटतो, त्यातलेच हे गणित.

शिक्षकांनी फळ्यावर मांडायचे असेल तर असे मांडावे. पीळ किलो-मीटरमध्ये घ्या, त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणा आणि ७१६ ने भागा. अश्वशक्ती मिळते. हे ७१६ कुठून आले? ७५ ला ६० ने गुणून ६.२८ ने भागा, म्हणजे मुलांना कळेल. आणि दांडी मुळातच ७१.६ सेंटिमीटर लांब ठेवली, तर काम आणखी सोपे होते. काट्यावरचे किलो गुणिले फेरे, भागिले १,०००. पुढे मी एका जीपची हकिगत सांगणार आहे, तिथे हाच हिशेब लागेल, म्हणून लक्षात ठेवा.

इंजिनाची शक्ती जाते कुठे, हा प्रश्न एखाद्या हुशार मुलाने विचारला पाहिजे. चिमटा तिची उष्णता करतो. ५ घोड्यांचे इंजिन ब्रेकवर चालवले, तर त्या ब्रेकमध्ये इतकी उष्णता निर्माण होते की एक लिटर पाणी दीड मिनिटाच्या आत उकळू लागेल. मी शिकत असताना आमच्याकडे दोराचा ब्रेक होता. इंजिनाच्या चाकावर दोराचा वेढा, एका टोकाला वजने, दुसऱ्या टोकाला ताणकाटा. चाकाच्या आतल्या कडेला पन्हळ असते, तिच्यात पाणी सोडायचे असते. एकदा मी पाणी सोडायलाच विसरलो. वाचन टिपण्यात दंग होतो, आणि काही वेळाने सगळ्या प्रयोगशाळेत जळक्या काथ्याचा वास सुटला. सरांनी मला नवा दोर स्वतःच्या पैशाने आणायला लावला. ते योग्यच झाले.

ही चेष्टेची गोष्ट सोडा. जगातली काही मोठी भांडणे असल्या ब्रेकने मिटवली आहेत. रुडॉल्फ डिझेल कित्येक वर्षे सांगत होता की माझे इंजिन इतरांपेक्षा फार थोड्या तेलात काम करील. ऐकणाऱ्यांनी विश्वास का ठेवावा? शेवटी १७ फेब्रुवारी १८९७ रोजी जर्मनीत ऑग्सबुर्ग येथे म्यूनिकच्या प्राध्यापक श्रोटर यांनी त्या इंजिनाची परीक्षा घेतली. मिनिटाला १५४ फेरे, १७.८ अश्वशक्ती. जळलेल्या तेलातल्या उष्णतेपैकी २६.२ टक्के दांड्यावर काम म्हणून हाती आली. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांना हे स्वप्नातही शक्य नव्हते. डिझेलच्या बोलण्याला वजन आले ते तराजूमुळे.

मोठ्या इंजिनांना लाकडी चिमटा पुरत नाही, तो पेट घेईल. म्हणून १८७७ मध्ये विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने जहाजांच्या इंजिनांसाठी पाण्याचा ब्रेक सुचवला. एका बंद पेटीत पाणी भरायचे. आत इंजिनाने फिरणारी, वाट्या-वाट्यांची एक थाळी. ती पाणी भिरकावते, पाणी समोरच्या पेटीच्या वाट्यांवर आदळते आणि पेटीला फिरवू पाहते. पेटीला दांडी, दांडीखाली काटा. पाणी तापले की वाहून जाते, नवे येते. मोटारींची इंजिने तपासायला हा पाण्याचा ब्रेक पुढे सर्रास वापरात आला. आता लोहचुंबकाचे आणि विजेचे शक्तिमापकही झाले आहेत, पण त्यांतही पेटी फिरू पाहते आणि दांडी तिला अडवते. ती ओढ पूर्वी वजनांनी तोलीत, आता बहुधा विजेच्या काट्यावर वाचतात, एवढाच काय तो फरक.

आता जीपची हकिगत. १९८४ सालची ही गोष्ट. मी तेव्हा एका तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा सांभाळीत होतो. पोलादपूरकडचे एक गृहस्थ आपल्या जुन्या पेट्रोल जीपचे इंजिन टेंपोत घालून आमच्या दारात आले. आंबेनळी घाटातून महाबळेश्वरला प्रवासी नेणे हा त्यांचा धंदा. सपाटीला गाडी बरी, पण घाटात दम सोडायची. गॅरेजमध्ये मेस्त्रीने टायमिंग लावून दिले, कार्ब्युरेटर साफ केला. तरी तेच. मग मेस्त्री म्हणाला, सिलिंडर घासले आहेत, बोअर मारून नवे दट्टे टाकावे लागतील. खर्च ऐकून त्यांना घाम फुटला. एका चांगल्या दुभत्या म्हशीचा पैसा होता तो. त्यांनी मला विचारले, "मास्तर, एवढा खर्च करू की गाडीच मोडीत काढू?"

मी इंजिन सुरू करून ऐकले. हळू फेऱ्यांवर ते शिवणयंत्रासारखे चालत होते. मेस्त्रीचे काम वाईट नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. माझ्या कानाने मला सांगितले की कार्ब्युरेटरची जेट लहान पडते आहे. इंजिन पाण्याच्या ब्रेकला जोडले. पूर्ण पेट्रोल सोडले आणि ब्रेकचे पाणी वाढवत फेरे २,००० वर आणून ठेवले. काट्यावर १४ किलो. म्हणजे २८ अश्वशक्ती. या फेऱ्यांना चांगल्या प्रकृतीचे तसले इंजिन ४० च्या आसपास देते. मी जेट बदलली. १४ किलो आणि वर दोनशे ग्रॅम. एक दिवस फुकट गेला आणि माझ्या कानाची किंमत मला कळली.

दुसऱ्या दिवशी ठिणगीकडे वळलो. इथे थोडे थांबून समजून घेतले पाहिजे. दट्ट्या वर येऊन हवा-पेट्रोल दाबतो, आणि ठिणगी पडून ते पेटते. पण पेट्रोल बंदुकीच्या दारूसारखे एका क्षणात उडत नाही. ज्योत सिलिंडरभर पसरायला वेळ लागतो. तो वेळ साधारण सेकंदाचा पाचशेवा भाग धरा. १,००० फेऱ्यांवर तेवढ्या वेळात दांडा १२ अंश फिरतो, २,००० वर २४ अंश आणि ३,००० वर ३६ अंश. म्हणून दट्ट्या माथ्यावर पोचण्याआधीच ठिणगी टाकावी लागते, आणि फेरे जितके जास्त तितकी लवकर. झोपाळा ढकलणारा पोरगा जसा क्षण साधतो तसे. उशीर झाला तर दट्ट्या खाली निघून गेलेला असतो, जाळ त्याच्या पाठीमागे धावतो आणि उरलेली आग धुराड्यातून बाहेर जाते. फार लवकर टाकली तर वर येणाऱ्या दट्ट्यालाच तडाखा बसतो आणि इंजिन ठोके देऊ लागते.

आम्ही डिस्ट्रिब्यूटरची कवटी ४-४ अंशांनी पुढे सरकवीत गेलो. दर वेळी फेरे पुन्हा २,००० वर आणायचे, पाण्याचे तपमान तेच ठेवायचे, बाकी कशाला हात लावायचा नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा या कामातला कडक नियम आहे. दोन गोष्टी एकदम बदलल्या की गुण कोणाचा आणि दोष कोणाचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. ५ अंशांवर १४ किलो होते. ९ वर १५.४ आले. १३ वर १६.५, १७ वर १७.२, २१ वर १७.६. २५ वर १७.८ आणि २९ वरही १७.८. ३३ वर काटा १७.५ ला उतरला आणि ठोके ऐकू येऊ लागले. माथ्यावर सपाटी लागली, तर तिच्या अलीकडच्या काठावर मुक्काम करावा, म्हणून २५ धरले. १७.८ किलो म्हणजे ३५.६ अश्वशक्ती.

आणि यातली खरी मौज पुढेच आहे. पेट्रोल आम्ही काचेच्या मापातून देत होतो. १०० घनसेंटिमीटर पेट्रोल संपायला आधी ३२ सेकंद लागत होते. नंतरही ३२ च. पेट्रोल तेवढेच, काम सव्वापटीहून जास्त! मग आधीचे साडेसात घोडे कुठे जात होते? धुराड्याच्या तोंडाचा लोखंडी नळ आधी लालबुंद होत होता, तो आता काळाच राहिला. घाटात त्या गृहस्थांचे पैसे त्या नळातून जात होते. बोअर मारून नवे दट्टे घातले असते, तरी ते तसेच गेले असते.

पण काम इथे संपले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या शिपायाने इंजिन हँडल मारून सुरू करायला घेतले आणि हँडलने उलटा झटका दिला. मनगट थोडक्यात वाचले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सुरू करताना ठिणगी उशिरा हवी, धावताना लवकर हवी. हे आपोआप करण्यासाठी डिस्ट्रिब्यूटरच्या पोटात दोन छोटी वजने आणि स्प्रिंगा असतात. फेरे वाढले की गोफणीतल्या दगडासारखी वजने बाहेर फाकतात आणि ठिणगी पुढे ओढतात. झाकण काढून पाहिले, तर दोन्ही वजने गंजून जाम झाली होती. कोकणचा पाऊस, दुसरे काय! मेस्त्रीने हळू फेऱ्यांवर ५ अंश लावले होते ते अगदी बरोबर होते. फेरे वाढले तरी ते ५ च राहत होते, आणि हे ओझ्याशिवाय त्याला जाणवणार नव्हते. ठिणगीचा दिवा कप्पीवर धरून फेरे वाढवले असते, तर खूण सरकत नाही हे दहा मिनिटांत दिसले असते. तो दिवा आमच्या कपाटात होता. तो आधी लावला नाही, हा दोष माझा.

रॉकेलने गंज सोडवला, नव्या स्प्रिंगा टाकल्या, कवटी परत मूळ जागी आणली. पुन्हा ब्रेकवर घेतले. सुरू होताना ५, आणि २,००० ला १७.७ किलो. इंजिन टेंपोत चढले.

पुढे ते गृहस्थ सांगत आले की घाटात गाडी पूर्वीसारखी चढते, पण माथ्याजवळ थोडी मंदावतेच. मी म्हटले, ते माझ्या हातात नाही. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंच आहे. तिथे हवा विरळ, म्हणून प्रत्येक घोटात इंजिनाला हवा कमी मिळते आणि शक्ती जवळजवळ सातवा हिस्सा घटते. म्हणूनच ब्रेकवरचे वाचन लिहिताना त्या दिवशीचा हवेचा दाब आणि तपमान लिहून ठेवतात आणि हिशेबात दुरुस्ती करतात. मे महिन्याच्या दुपारचे आकडे डिसेंबरच्या पहाटेच्या आकड्यांशी तसेच ताडून पाहणे बरोबर नाही.

पेट्रोल आणि हवेच्या प्रमाणाविषयी थोडेच सांगतो. वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा, म्हणजे दोन्ही पुरेपूर जळतात. जास्तीत जास्त जोर हवा असेल तर पेट्रोल थोडे अधिक, १२.५ ते १३ भाग हवा. काटकसर हवी असेल तर हवा अधिक. आजच्या मोटारींत हे प्रमाण आणि ठिणगीची वेळ संगणक ठरवतो. पण त्या संगणकाला कोणत्या फेऱ्यांवर आणि किती ओझ्यावर किती अंश द्यायचे, हे तक्ते कारखान्यातल्या अभियंत्यांनी शक्तिमापकावरच तयार केलेले असतात. आम्ही आठ वाचने घेतली, ते हजारो घेतात.

आता तर इंजिन बाहेर न काढताही परीक्षा होते. जमिनीत रूळ बसवलेले असतात, त्यांवर मोटारीची चाके चढवायची. चाके फिरतात, मोटार जागीच राहते आणि रूळ तिला अडवतात. फक्त लक्षात ठेवा, गियर आणि टायर आपला वाटा खातात, म्हणून रुळावरचा आकडा इंजिनाच्या दांड्यावरच्या आकड्यापेक्षा कमीच येतो. पुण्याला १९६६ साली स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेत असे रूळ आहेत. जाहिरातीत लिटरला इतके किलोमीटर म्हणून या संस्थेचा जो दाखला देतात, तो तुमच्या रस्त्यावरचा नसतो. रुळांवर ठरावीक वेगाने, ठरावीक वेळ चालवून काढलेला असतो. दोन मोटारींची तुलना करायला तो चांगला. आपल्या खड्ड्यांना आणि मागे बसलेल्या सहा पाहुण्यांना त्यात जागा नाही.

आणि परीक्षा म्हटली की कॉपीही आलीच. शाळातपासनीस येणार म्हटले की वर्ग कसा हाताची घडी घालून बसतो, हे शिक्षकांना ठाऊक आहे. २०१५ साली अमेरिकेत उघडकीस आले की फोक्सवॅगन कंपनीने आपल्या डिझेल मोटारींच्या संगणकात एक युक्ती घातली होती. मोटार रुळांवर आहे हे तो ओळखायचा आणि तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवायचा. रस्त्यावर आली की नायट्रोजनचे विषारी वायू मर्यादेच्या काही वेळा ४० पटींपर्यंत सोडायची. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख मोटारींत ही युक्ती होती. ती पकडली गेली कशी? वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी धूर मोजण्याचे यंत्र मोटारीतच ठेवून ती रस्त्यावर चालवली आणि आकडे ताडून पाहिले.

शाळेत हे सारे दाखवायला इंजिन नको, आणि चालत्या इंजिनाला दोर गुंडाळण्याचा खेळ तर मुलांना मुळीच करू देऊ नका. सायकल पुरे. मागचा मडगार्ड काढा आणि सायकल सीट व हँडलवर उलटी उभी करा. मागच्या चाकावरून जाड कापडी पट्टा टाका. त्याची दोन्ही टोके दोन ताणकाट्यांना बांधा आणि काटे जमिनीत पक्क्या ठोकलेल्या खुंट्यांना अडकवा. एका मुलाने हाताने पायडल फिरवावे, दुसऱ्याने चाकाचे फेरे मोजावेत, तिसऱ्याने दोन्ही काटे वाचावेत. समजा दोन काट्यांतला फरक दीड किलो आला, चाकाचा घेर २.२ मीटर आहे आणि मिनिटाला ९० फेरे झाले. तर सेकंदाला ३.३ मीटर, गुणिले दीड किलो, म्हणजे जवळजवळ ५ किलो-मीटर. ७५ ने भागा. तुमचा विद्यार्थी घोड्याचा पंधरावा हिस्सा निघाला. वर्गातल्या सर्वांत दांडगट पोराला आधी बसवू नका. एखाद्या किडकिडीत मुलाला बसवा आणि पट्टा हळूहळू आवळत जा. फार सैल असला की फेरे भरपूर पण ओढ नाही, फार आवळला की ओढ आहे पण चाक थांबते. कुठल्या ओढीवर गुणाकार सर्वांत मोठा येतो, ते मुलांनाच कागदावर आलेख काढून शोधू द्या. पट्टा तापतो, तेव्हा मधूनमधून त्यावर पाणी शिंपडायला विसरू नका.